मण्यार चावलेल्या मुलाचा व्हिडिओ इन्स्टावर टाकावा का?

घाटाखालचा_फिजिशियन

एमडी मेडिसिन आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला एका तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल आहे, दोन व्हेंटिलेटर आहेत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढचं वाचून आमच्याकडचा चहावालासुद्धा पेशंटचं नाव सांगेल.

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे सर्पदंश रोजचाच. त्यात सगळ्यात फसवा मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण भिंग घेऊन शोधावी लागते. पहाटे पोरगं पोट दुखतंय, घसा धरलाय म्हणून उठतं. घरचे म्हणतात, काल यात्रेत काहीतरी खाल्लं असेल. पापण्या मिटायला लागल्या की 'झोप येतेय, झोपू द्या त्याला'. मग बाहेरचं काही असेल म्हणून देवऋषी, अंगारा, कडुनिंबाचा पाला. आमच्या दारात जीप थांबते तेव्हा पोराने मान टाकलेली असते आणि श्वास नावापुरता चालू असतो.

असाच एक तेरा वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात आला, पण वेळेत आला. त्याचे दोन व्हिडिओ माझ्या मोबाईलवर आहेत. पहिला आल्या आल्या घेतलेला. मी त्याला वर बघायला सांगतोय, तो कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढतोय, पण पापण्या हलत नाहीत. जीभ दाताबाहेर येत नाही. एका श्वासात आकडे म्हण म्हटलं तर सहाला थांबला. त्यानंतर थोड्याच वेळात त्याला श्वासाची नळी घालावी लागली. दुसरा व्हिडिओ घरी जायच्या आदल्या दिवशीचा. त्यात तो तीसपर्यंत आकडे म्हणतो आणि हसत विचारतो, "सर, आता मटण खाऊ का?"

हे चित्रण डॉक्टरांच्या बैठकीत दाखवण्यासाठी केलं होतं. पण दोन्ही जोडून बघितल्यावर वाटलं, हे प्रत्येक वाडीत पोचलं पाहिजे. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "टाका की साहेब, तुमचं नाव होऊ दे." पुण्यात डिजिटल मार्केटिंग करणारा मेव्हणा म्हणतो, कोपऱ्यात हॉस्पिटलचा लोगो टाका, हा दहा लाखांवर जाणार.

अजून टाकलेला नाही. अडचण अशी की डोळे धूसर केले तर व्हिडिओत दाखवायचं तेच जातं. मण्यारचं लक्षणच डोळ्यात आहे. आणि दुसरीकडे शेजारच्या तालुक्यातल्या एका देवऋषीचं यूट्यूब चॅनेल जोरात चालतं. बिनविषारी साप चावलेले किंवा चावूनही विष न टोचलेले लोक 'उतरवून' तो बरे झालेले दाखवतो. त्याला कोणी नियम विचारत नाही. मग मीच का गप्प बसायचं?

दुसरा प्रश्न. साधी माहिती टाकली तरी रात्री-बेरात्री मेसेजमध्ये सापाचा फोटो येतो, 'सर, हा विषारी आहे का? चावलाय.' काय उत्तर द्यायचं?

निवृत्त_पण_ओपीडी_चालू

डॉक्टर, आधी नियमांचं उरकून घेते. आपल्याला आजही 2002 चे आचारसंहितेचे विनियम लागू आहेत. 7.17 म्हणतो, ओळख पटेल असा पेशंटचा फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. ते कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जर्नलं होती, रील्स नव्हती, पण त्याचा रोख कळतो. 6.1 म्हणतो, प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नवे विनियम 2 ऑगस्ट 2023 ला आले. त्यात सोशल मीडियावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं होती: पेशंटचे फोटो-स्कॅन टाकू नका, बरे झालेल्यांची चित्रं टाकू नका, शस्त्रक्रियेचे डोळे दिपवणारे व्हिडिओ टाकू नका, लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका. त्यातल्या जेनेरिक औषधंच लिहायच्या सक्तीवरून इतका गदारोळ झाला की 23 ऑगस्टलाच ते सगळे विनियम स्थगित झाले. म्हणून आज कोणी म्हणेल, 'लागू नाहीत ना'. नाहीत. पण वाचून ठेवा, त्या भागात शहाणपण आहे.

आता तुमचा व्हिडिओ. मी तो मनातल्या मनात चालवून बघितला. पहिल्या तुकड्यात मण्यारचं विष दिसतं. दुसऱ्यात तुम्ही दिसता. वाडीवरच्या आईने शिकायचं ते सगळं पहिल्या भागात संपलं: पहाटेची पोटदुखी, जड पापण्या, बोबडं बोलणं. मटण मागणारा पोरगा गोड आहे, पण तो 'या डॉक्टरकडे चला' एवढंच सांगतो. मेव्हण्याला लोगो नेमका त्याच तुकड्यावर हवा असणार, बघा विचारून.

आणि त्या वडिलांचा होकार. पोर वाचवणाऱ्या माणसाने विचारलं तर बाप नाही कसा म्हणेल? माझ्या ओपीडीत 'विद्यार्थ्यांना दाखवू का' म्हटल्यावर कोणी नको म्हणाल्याचं मला आठवत नाही. पोट तपासू का, रक्त घेऊ का, फोटो काढू का, सगळ्याला तोच 'हो, बाई'. बिल भरायचं बाकी असताना घेतलेल्या होकाराला तर मी होकार म्हणतच नाही. त्यातून मुलगा तेरा वर्षांचा. कायद्याने सही वडिलांची चालेल, पण उद्या शाळेत 'ए मण्यार' अशी हाक त्यालाच ऐकायची आहे. त्याला विचारलंत का?

एक खवचट प्रश्न, राग मानू नका. पहिला व्हिडिओ घेताना मोबाईल कोणाच्या हातात होता? नळी घालायची वेळ जवळ आली होती म्हणता, तेव्हा तो हात दुसऱ्या कामाला हवा होता का?

ग्रोथ_वाला

मॅडम, आदर आहे, पण हायवेवर कॉर्पोरेट हॉस्पिटलांची चाळीस फुटी होर्डिंग्ज आहेत, डॉक्टरांच्या हाताची घडी घातलेल्या फोटोंसकट. पेशंटच्या मुलाखती त्यांच्या चॅनेलवर रोज पडतात. तालुक्याच्या डॉक्टरनेच तेवढं सोवळं पाळायचं का?

निवृत्त_पण_ओपीडी_चालू

होर्डिंगबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि मलाही तितकाच संताप येतो. रजिस्ट्रेशन डॉक्टरचं असतं, कंपनीच्या मार्केटिंग विभागाचं नसतं, त्यामुळे तक्रार झाली की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोटीस डॉक्टरच्याच घरी येते. त्या घडी घातलेल्या हातांनीही हे लक्षात ठेवावं.

रानवाटा_रत्नांग्री

मी डॉक्टर नाही. माझ्या बहिणीला आंब्याच्या बागेत फुरसं चावलं. पाय गुडघ्याच्या वर सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी वाचवली, त्यांचे उपकार आहेतच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

ती वॉर्डात असताना त्यांच्या पेजवर व्हिडिओ पडला. तोंड झाकलं होतं, खरंच झाकलं होतं. पण चादर आमची, हातातल्या बांगड्या तिच्या, मागून आईचा आवाज. वाडीत अर्ध्या तासात कळलं. तिथपर्यंत ठीक होतं. मग कोणीतरी तो उतरवून घेतला, खाली 'करणी केल्याचा परिणाम, बघा' असं लिहिलं आणि तो ग्रुपवर फिरायला लागला. डॉक्टरांना फोन केला तर त्याच दिवशी त्यांनी पेजवरून काढला, हुज्जत घातली नाही. पण ग्रुपवरचा कोण काढणार?

पुढे स्थळ आलं. मुलाच्या मावशीने चहा पिता पिता विचारलं, 'ती व्हिडिओतली हीच ना?' आमच्याकडे लोक मानतात की विष अंगात राहतं आणि दर पावसाळ्यात परत चढतं. डॉक्टर हसतील, पण स्थळ मोडलं ते मोडलं.

आम्ही पण विचारल्यावर हो म्हणालो होतो. तेव्हा ती जगते की नाही हेच माहीत नव्हतं. त्या वेळी त्यांनी सातबारा मागितला असता तरी दिला असता.

पीएचसी_एमओ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण ते मेसेज मलाही येतात.

फोटो बघून 'बिनविषारी आहे' असं चुकूनही लिहू नका. अंधारात मोबाईलने काढलेला अर्ध्या सापाचा फोटो असतो, आणि फोटोतला साप तोच चावणारा होता कशावरून? तुमच्या एका शब्दावर माणूस घरी झोपून राहील. आपण उपचार लक्षणांवर करतो, काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतो. ते मेसेजमध्ये कुठे होणार?

25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्हॉट्सअॅपवरूनही सल्ला देता येतो, पण त्यात पेशंटची ओळख, नोंद, प्रिस्क्रिप्शनचा नमुना सगळं आलं. तातडीच्या पेशंटला प्रथमोपचार सांगून प्रत्यक्ष उपचाराला पाठवायचं हेही त्यातच आहे. मी आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलंय: 'साप चावला असेल तर इथे उत्तराची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. हात-पाय हलवू नका, आवळून बांधू नका, कापू नका, साप पकडत बसू नका.' आणि कमेंटमध्ये डोस विचारणाऱ्याला मी उत्तरच देत नाही.

विनंती एक. तुमच्या व्हिडिओत सर्पदंशाचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं हे सांगा. लोकांना अजून वाटतं ते फक्त जिल्ह्याला मिळतं, आणि आमच्या दारावरून जीप पुढे जाते.

घाटाखालचा_फिजिशियन

सगळ्यांचे आभार. मॅडम, राग कसला? मोबाईल आमच्या सिस्टरच्या हातात होता, नळी आणि अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) माझ्याजवळ आणि ब्रदरजवळ तयार होते. तरी तुमचा प्रश्न वॉर्डात वाचून दाखवला. आता नियम केलाय की अतिदक्षता खोलीत मोबाईल काढायचा असेल तर मी सांगितल्याशिवाय नाही, आणि पेशंट स्थिर झाल्यावरच.

रत्नागिरीकर, तुमच्या बहिणीचं वाचल्यावर जोडलेला व्हिडिओ टाकायचा विषय माझ्यापुरता संपला. मुलगा तपासणीला आला तेव्हा त्याला एकट्याला विचारलं. आधी वडिलांकडे बघितलं, मग म्हणाला, "सर, शाळेतल्या पोरांना दिसंल का?" दिसेल म्हटलं. तो काही बोलला नाही. मीही परत विचारलं नाही. बैठकीत दाखवायची परवानगी वेगळ्या कागदावर मराठीत लिहून घेतली. तिथे डॉक्टरच असतात, आणि फाइल कोणालाही पाठवायची नाही असं ठरलंय.

पण देवऋषीला मैदान मोकळं सोडायला मी तयार नाही. आमच्या ब्रदरला ती पापणी जमते! नुसते डोळे मिटले की झोपाळू दिसतो, पण कपाळाला आठ्या घालून भुवया ओढत पापण्या जड ठेवल्या की हुबेहूब. त्याच्यावर चित्रण करतोय, 'हे नाट्यरूप आहे' असं स्पष्ट लिहून.

मॅडमनी मला खासगीत सुचवलं की स्वतःचं नावही नको. ते मात्र पटलं नाही. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहा-बोला, अशी मुभा 2002 च्याच 7.11 मध्ये आहे. बिननावाचा व्हिडिओ फॉरवर्डसारखा दिसतो, उद्या त्यात काही चुकलं तर जाब कोणाला विचारणार? नाव आणि डिग्री टाकणार. हॉस्पिटलचं नाव, फोन, पत्ता नाही. त्या जागी 108. मेव्हणा दोन दिवस बोलत नाहीये.

आशाताई_वाडी_नं_३

सर, बनवणारच आहात तर चाळीस सेकंदांच्या वर नको, आमच्याकडे रेंज नसते, फाइल ब्लूटूथने जाते. अक्षरं कमी टाका, म्हाताऱ्या वाचत नाहीत, आवाज द्या. आणि आवाज पुस्तकी नको. 'श्वसनक्रिया मंदावते' म्हटलं की बाया उठून जातात. 'दम पुरत नाही, बोबडं बोलतंय, डोळा उघडत नाही' असं म्हणा. सुरुवातीलाच मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपायला सांगा. खाट नसली तरी मच्छरदाणी मी प्रत्येक घरात बघते, पण टांगलेली, खोचलेली नाही.

घाटाखालचा_फिजिशियन

ताई, आवाज तुम्हीच द्याल का? मानधन देईन. खासगीत बोलू.

एक मदत कोणाकडून तरी हवी आहे. मण्यारचं चांगलं चित्र काढून देणारं कोणी आहे का? इंटरनेटवर मिळतात ती बरीचशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या मण्यारची, ती जात आमच्याकडे नाही. आपला निळसर काळा, अंगावर पांढऱ्या बारीक रेषा, बहुतेक जोडीजोडीने, मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्या सापाच्या बरोबर उलट. मागच्या चित्रकाराने कवड्याच काढून दिला होता, खाली 'मण्यार' लिहून. तो छापला असता तर गावातले सगळे बिचारे कवडे मेले असते.