मदत हवी आहे: वास्तुकलेचे विद्यार्थी घेऊन युरोप – बस की रेल्वे, आणि काय गाळू?

नमस्कार मंडळी,

मी वास्तुकला महाविद्यालयात शिकवते. येत्या जूनमध्ये चौथ्या वर्षाची तीसेक मुलं-मुली आणि आम्ही तीन शिक्षक असा युरोपचा अभ्यासदौरा ठरतोय. नेतृत्वाची माळ माझ्या गळ्यात पडली आहे. सहल कंपनीने आराखडा पाठवलाय तो असा: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान, बाझल, लिऑन, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन. पंधरवड्यात हे सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच बस. जवळजवळ रोज 'पॅनोरमिक टूर' लिहिलंय, म्हणजे इमारती काचेतून बघायच्या. मुलांनी रोमच्या पॅन्थिऑनचा, त्या प्राचीन घुमटाच्या मंदिराचा, छेद (इमारत उभी कापून दाखवणारं रेखाचित्र) पुस्तकातून कितीदा तरी काढलाय. तिथवर जाऊन त्यांना तो बसमधून दाखवायचा असेल तर मी कशाला जाऊ?

माझ्या शंका. बसच ठेवावी की रेल्वे घ्यावी? व्हिसासाठी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, आणि विद्यार्थ्यांना काही सवलत असते का? सगळ्यांचे पासपोर्ट शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावेत असं आमच्या प्राचार्यांचं म्हणणं आहे, ते बरोबर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातलं काय गाळू? मुलं सज्ञान आहेत, पण बहुतेकांचा हा पहिलाच परदेश प्रवास. असा गट प्रत्यक्ष नेलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी बसचं. युरोपियन युनियनमध्ये बसचालकाच्या तासांचा कायदा आहे आणि तो खरोखर पाळला जातो. चालकाच्या कार्डावर सगळी नोंद होते, रस्त्यात तपासणी होते, दंड होतो. दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून फक्त दोनदा १० तास. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटांची विश्रांती. रात्रीची सलग विश्रांती ११ तासांची. ती ९ तासांवर आणता येते, पण मोजक्याच वेळा.

याचा अर्थ असा की रात्री जेवण करून अकराला हॉटेलवर पोचलात, तर सकाळी आठच्या आधी बस हलणार नाही, आणि नेहमीच्या हिशेबाने दहाच्या आधी नाही. कंपनीच्या आराखड्यात 'रात्री रोषणाई दर्शन' आणि 'सकाळी सातला प्रस्थान' लागोपाठ असेल तर त्यातलं एक होणार नाही, आणि ते तुम्हाला आदल्या रात्री कळेल. त्यांच्याकडून रोजचे चालकाचे तास लेखी मागा. आराखडा किती पोकळ आहे ते तिथेच दिसेल.

दुसरं, इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात बसला मोकळा प्रवेश नसतो. रोम, फ्लोरेन्सला परवाना काढावा लागतो, पैसे भरावे लागतात आणि तरी बस तुम्हाला लांबच सोडते. व्हेनिसला तर प्रश्नच नाही. शहरात बस उभी आणि तुम्ही पायी, मग तिचं भाडं कशासाठी भरायचं?

प्रतिसाद २

वरच्यांशी निम्मा सहमत. तीस जण सूटकेससह रेल्वेत चढवणं म्हणजे काय ते एकदा अनुभवावं लागतं. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, आणि सगळे एकाच दाराशी गर्दी करतात. फलाटावर आधीच गट पाडून वेगवेगळ्या दारांशी उभे करा, आणि शिक्षकांपैकी एकाने सगळ्यात शेवटी चढायचं. प्रत्येकाला एकच बॅग, आणि ती ज्याची त्याने जिना चढून न्यायची. हा नियम निघण्याआधी घरच्यांसमोर सांगा, म्हणजे बॅगा आपोआप लहान होतात.

हे जमलं तर रेल्वेच चांगली. रोम ते फ्लोरेन्स दीड तास, लिऑन ते पॅरिस दोन तास, दोन्हीकडे शहराच्या मध्यात उतरता. पॅरिस ते बर्लिन थेट गाडी डिसेंबर २०२४ पासून सुरू झाली आहे, पण आठ तास जातात. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा) घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा: फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आणि इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचं आरक्षण वेगळं करावं लागतं, आणि टीजीव्हीत पासधारकांसाठीच्या जागा मर्यादित असतात. एवढ्या मोठ्या गटाला त्या ऐन वेळी मिळत नाहीत. गटाचं तिकीट आधी काढलेलं स्वस्तही पडतं बहुधा.

प्रतिसाद ३

व्हिसाचं मी सांगते, त्यात माझे बरेच केस पांढरे झालेत.

जिथे सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दोन देशांत दिवस सारखेच असतील तर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, जिथून प्रथम शिरणार तो देश. म्हणून आधी मार्ग पक्का करा, मग अर्ज. उलटं करू नका. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत ताणले जाऊ शकतात. जूनचा प्रवास असेल तर उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीच्या वेळा मिळणं हेच खरं दुखणं आहे. प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. ज्यांनी गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी ठसे दिलेत त्यांचे सहसा पुन्हा वापरले जातात.

शुल्क प्रौढांना ९० युरो आहे, जून २०२४ पासून. पण शेंगेनच्या व्हिसा नियमावलीत अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ आहे! ही गोष्ट कंपन्या सांगत नाहीत, कारण त्या सगळ्यांचे अर्ज सरसकट 'पर्यटन' म्हणून भरतात. महाविद्यालयाच्या पत्रात अभ्यासक्रमाचा भाग, कुठल्या इमारती, कुठलं काम, हे स्पष्ट लिहा आणि अर्ज भरण्याआधी वकिलातीला लेखी विचारा. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं.

वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी. हे आजच सगळ्यांचं तपासा. प्रत्येक गटात एकाचा तरी पासपोर्ट संपत आलेला असतोच.

प्रतिसाद ४

प्राचार्यांना माझा नमस्कार सांगा, पण सगळे पासपोर्ट एका पिशवीत ठेवू नका. ती एक पिशवी गेली की अख्खा दौरा संपला. ज्याचा त्याने कपड्यांच्या आत, कमरेच्या पट्ट्यात ठेवावा. इटलीत परदेशी माणसाजवळ ओळखीचं कागदपत्र असणं अपेक्षितही असतं. शिक्षकांकडे पासपोर्ट आणि व्हिसा, दोन्हीच्या पानांच्या प्रती ठेवा, कागदावर आणि फोनमध्ये.

एखाद्याचा हरवलाच तर आधी पोलिसात तक्रार, मग भारतीय दूतावास. तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त मायदेशी परतण्यापुरतं. तो विद्यार्थी पुढच्या देशात येऊ शकत नाही, आणि त्याच्याबरोबर एका शिक्षकाला मागे राहावं लागतं. तीन शिक्षक आहात ते म्हणूनच बरं. दोन असते तर मी जाऊ नका म्हटलं असतं. कुणी आजारी पडलं तरी हेच. कोण मागे राहील ते निघण्याआधी ठरवा आणि त्याच्याकडे वेगळे पैसे द्या.

मेट्रोचा नियम पहिल्या दिवशी पाठ करून घ्या: जे पुढे गेले ते पुढच्या स्थानकावर उतरून थांबतील, जे राहिले ते पुढची गाडी पकडून तिथेच उतरतील. कुणीही उलट दिशेला जायचं नाही. आणि ११२ हा आणीबाणीचा क्रमांक सगळीकडे चालतो.

प्रतिसाद ५

मी स्वतः आर्किटेक्ट आहे, म्हणून फक्त 'काय गाळू' याबद्दल.

अ‍ॅमस्टरडॅम आणि बर्लिन गाळा. वाईट आहेत म्हणून नाही. डेसाऊचं बाउहाउस (आधुनिक वास्तुकला घडवणारी शाळा), बर्लिनमधलं मीस व्हान डेर रोचं कलासंग्रहालय नॉयं नॅशनल गॅलरी हा एक स्वतंत्र दौरा आहे. तो पुढच्या तुकडीला द्या. मिलानला फक्त गाडी बदला.

पॅन्थिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट आहे, सुरुवातीला ते ५ युरो होतं. सकाळी लवकर जा. घुमटाचा आतला व्यास आणि जमिनीपासून माथ्यावरच्या उघड्या झरोक्यापर्यंतची उंची सारखीच, ४३ मीटरच्या थोडी वर. मुलांना सांगू नका. व्यास पावलांनी मोजायला लावा आणि उंचीचा अंदाज बांधू द्या. फ्लोरेन्सला कॅथेड्रलच्या, ब्रुनेलेस्कीने उभारलेल्या घुमटावर चढायचं तर वेळेचं आरक्षण आधी हवं. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते. घुमट आतून कसा उभा आहे ते समजायला तीन व्याख्यानांपेक्षा ती चढण उपयोगी.

स्वित्झर्लंडच्या बाझलला तळ ठेवा. तिथून ट्रामने सीमा ओलांडून जर्मनीत वाइल आम राइन, म्हणजे विट्रा या फर्निचर कंपनीचा कॅम्पस. फ्रँक गेरीचं संग्रहालय १९८९, झाहा हदीदचं अग्निशमन केंद्र आणि ताडाओ आंदोचा मंडप १९९३, हेरझोग आणि द म्यूरॉनचं विट्राहाउस २०१०, सगळं चालत. अग्निशमन केंद्र आतून बघायला मार्गदर्शित फेरी लागते, ती आधी ठरवा. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएचं फ्रान्समधलं रोंशाँचं चॅपल तिथून बसने दीड तासाच्या आसपास. त्या गावात रेल्वे थांबते, पण गाड्या फार कमी. तेव्हा पहिल्या दोघांचं भांडण मी असं मिटवतो: लांबचे टप्पे रेल्वेने, आणि हा एक दिवस स्थानिक बस भाड्याने.

आणि लिऑनजवळचं ला तुरेत. ल कॉर्बुझिएचा हा मठ, आणि त्याच्या खोल्यांमध्ये रात्री राहता येतं. एकेकट्याची अरुंद खोली, छोटी बाल्कनी, स्नानगृहं सामायिक. चंदीगडच्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सबरोबर रोंशाँही २०१६ च्या जागतिक वारसा यादीत आहे. ज्यांनी चंदीगड पाहिलंय त्यांना इथे काँक्रीटशी जुनी ओळख लागेल. एक सायंकाळ, एक सकाळ, फोन बाजूला, फक्त वही. सगळा दौरा रद्द करून एवढंच केलंत तरी मी समजू शकतो.

पॅरिसचं पॉम्पिदू हे कलाकेंद्र आराखड्यात असेल तर मात्र काढा. ते दुरुस्तीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झालंय, २०३० मध्ये उघडेल. बाहेरचे पाइप बघून निघता येईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अ‍ॅमस्टरडॅम-बर्लिन गेलं. कंपनीला चालकाचे तास विचारल्यावर 'मॅडम, अ‍ॅडजस्ट होईल' असं उत्तर आलं, त्यामुळे कंपनीबद्दलही फेरविचार चालू आहे.

आता मार्ग असा: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, बाझल, लिऑन, पॅरिस. इटलीत सर्वाधिक दिवस, म्हणजे अर्ज इटलीकडे. व्हेनिस काढायचा विचार बोलून दाखवला तर वर्गात बंड झालं, म्हणून ते ठेवलंय. व्हेनिसबद्दल काही सावधगिरी? आणि पॅरिसला पॉम्पिदूऐवजी काय? पॅरिसला आम्ही रविवारी रात्री पोचतो, बुधवारी सकाळी परतीचं विमान.

प्रतिसाद ३

व्हेनिसने २०२४ पासून मार्गदर्शित गटांना २५ जणांची मर्यादा घातली आहे, ध्वनिवर्धकही चालत नाही. तुम्ही तसेही दोन गट करा, प्रत्येकाबरोबर एक शिक्षक, तिसरा मोकळा. मुक्काम मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला केलात तरी तो व्हेनिस नगरपालिकेतच येतो, त्यामुळे ठरावीक दिवशी लागणारं दिवसाचं प्रवेशशुल्क माफ होतं. पण माफीची नोंद संकेतस्थळावर करावी लागते. तीसेक जणांची नोंद एका विद्यार्थ्याला नेमून द्या.

प्रतिसाद ५

रविवार ते बुधवार? ताई, हे बदला. ल कॉर्बुझिएचं व्हिला साव्वा हे घर सोमवारी बंद, ऑर्से संग्रहालय सोमवारी बंद, लुव्र मंगळवारी बंद. पॉम्पिदूऐवजी मी त्रोकादेरोची सिते द लार्किटेक्चर, म्हणजे वास्तुकलेचं संग्रहालय, सुचवणार होतो; तिथे मार्सेच्या युनिते या ल कॉर्बुझिएच्या निवासी इमारतीतलं एक घर पूर्ण मापात उभं केलंय, मुलं आत शिरून हात पसरून रुंदी मोजतात. ती मंगळवारी बंद! तुमच्या हातात जे दोन दिवस आहेत ते नेमके चुकीचे आहेत.

संपूर्ण दौरा तीन दिवस पुढे सरकवा. मग पॅरिसला बुधवारी रात्री पोचाल आणि गुरुवार-शुक्रवार सगळं उघडं मिळेल. इटलीचे वार तेव्हा पुन्हा तपासा, फ्लोरेन्सचं उफीझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं.

धागाकर्ती

तीन दिवस सरकवले. फ्लोरेन्सला आता गुरुवार-शुक्रवार येतोय. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, हे नशीब.