वडिलांना अर्धांगवायू, घरी राइल्स ट्यूब आणि कॅथेटर. नोकरी कुपवाड एमआयडीसीत तीन पाळ्यांत. दिवस कसा बसवायचा?

कृष्णाकाठ_सांगली

वडील ७२ वर्षांचे, मधुमेह जुना. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आहे. मिरजेच्या हॉस्पिटलमधून परवा घरी सोडलं. नाकात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी), लघवीला कॅथेटर (नळी). बोलता येत नाही, पण सगळं समजतं, मानेने हो-नाही सांगतात.

मी कुपवाडला मशीन शॉपमध्ये आहे. पाळ्या ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७, दर आठवड्याला बदलतात. बायको शाळेत, साडेदहाला निघते, साडेपाचला येते. आईचे गुडघे गेलेत, तिला उचलणं जमत नाही. घर सांगलीत नदीकाठच्या गावभागात, तळमजला.

डॉक्टरांनी दर ३ तासांनी फीड (ट्यूबमधून पातळ अन्न) आणि दर २ तासांनी कूस बदलायला सांगितलंय. नातेवाईक म्हणतात नोकरी सोड. ती सोडली तर औषधं कशातून आणायची? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी सांगा: पाळी कोणती मागू, त्यांना सांभाळायला बाई किती तासांची ठेवू, रजा आणि पैशाचं काय बसतं?

पाळीपत्रक

नोकरी सोडू नका. आधी कागद घेऊन २४ तासांच्या रेघा मारा आणि घरात वडिलांना उचलू शकणारं माणूस कधी नसतं तेवढंच बघा. तुमच्याकडे अशी माणसं दोन, तुम्ही आणि वहिनी.

पहिल्या पाळीत तुम्ही साडेतीनला घरी याल, म्हणजे साडेदहा ते साडेतीन, ५ तास रिकामे. तिसऱ्या पाळीत दिवसभर घरी दिसाल, पण झोपणार कधी? शिवाय रात्रीची सगळी कूस वहिनींवर येते. दुसऱ्या पाळीत तुम्ही सव्वादोनला निघता, वहिनी साडेपाचला येतात. खिंडार फक्त सव्वातीन तासांचं. म्हणून दर आठवड्याला दुसरीच पाळी मागा. ती बहुतेकांना नको असते, त्यामुळे अदलाबदलीला माणूसही मिळतो.

फीड मग असं बसतं: साडेसात, साडेदहा, दीड तुमच्याकडे. पावणेसहा आणि पावणेनऊ वहिनींकडे. शेवटचं पावणेबारा, तुम्ही आल्यावर. सहाच्या सहा फीड घरच्यांच्या हातून जातात, रिकाम्या वेळात एकही येत नाही. दिवसा मधे एकदा सव्वाचार तासांचं अंतर पडतं. मधुमेह आहे, त्यामुळे हे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून इन्सुलिनच्या वेळा त्यावर लिहून घ्या. हा टप्पा गाळायचा नाही.

बाई दुपारी २ ते ६ एवढीच लागेल. १२ तासांची गरज नाही. तिचं काम: चारला कूस, लघवीच्या पिशवीवर लक्ष, आणि आईला धीर.

पाळीचा अर्ज तोंडी करू नका. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडा, '३ महिन्यांसाठी' असं लिहा, सुपरवायझरमार्फत एचआरला द्या आणि पोच घ्या. 'कायमची पाळी द्या' म्हटलं की नकार सोपा जातो. मुदतीचा अर्ज पुढे वाढवता येतो.

होमकेअर_मिरज

वरचं वेळापत्रक छान आहे. आता हाताने करायच्या गोष्टी. चुका इथेच होतात आणि त्या परत ॲडमिट करायला लावतात.

आधी एक पाटी. कॉटच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावा: तोंडाने काहीही देऊ नये. पाणी, नारळपाणी, तीर्थसुद्धा नाही. भेटायला येणारं माणूस मायेने चमचाभर पाणी घालतं, ते श्वासनलिकेत जातं आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी होऊन डॉक्टर लेखी सांगेपर्यंत तोंडाने काही नाही. ओठ कोरडे पडले तर ओल्या कापसाने पुसा.

फीड देताना:

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. पण आधी गुडघ्यांकडची बाजू थोडी उचला, मग डोकं. उलट केलं तर माणूस खाली घसरतो, माकडहाडाजवळची कातडी ताणली जाते आणि बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) तिथूनच सुरू होतं. फीड झाल्यावर तासभर तसंच ठेवा, मग खाली घ्या.

दर वेळी आधी नाकाजवळची खूण बघा. ट्यूबवर पेनने रेघ मारून घ्या. रेघ बाहेर सरकलेली दिसली तर फीड द्यायचं नाही, ट्यूब स्वतः आत ढकलायची नाही, सिस्टरला बोलवायचं. रेघ जागेवर असेल तर ५० मिलीच्या सिरिंजने हलकेच ओढा. मागचं फीड बरंच परत आलं तर थांबा आणि फोन करा.

सिरिंजचा दट्ट्या काढून टाका. फीड दाबून द्यायचं नाही. सिरिंज वीतभर वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. २०० मिलीला १५ ते २० मिनिटं लागतात. पाळीला उशीर होतोय म्हणून दाबलं की उलटी झालीच म्हणून समजा. म्हणून दीडचं फीड दीडलाच. शेवटी ३० ते ५० मिली पाणी सोडून ट्यूब धुवा.

ट्यूब तुंबते ती दोन गोष्टींनी: नाचणीचं फीड गार होऊन घट्ट बसतं, आणि गोळ्यांची भरड. फीड पातळ मलमलीतून गाळा, कोमट असतानाच द्या. गोळ्या एकत्र कुटू नका. एकेक बारीक करून पाण्यात, मधे थोडं पाणी. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर आहे ती कुटायचीच नाही. ती हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एकदम उतरतो. डॉक्टरांकडून बदलून घ्या. घरी केलेलं फीड २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये २४ तास.

इन्सुलिन आधी टोचलं आणि फीड अर्ध्यात थांबलं, हा सगळ्यात वाईट प्रसंग. घाम, गुंगी, हात गार दिसले की लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर ३ चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून ट्यूबमधून, १५ मिनिटांनी परत तपासणी. उठवूनही जाग येत नसेल तर थेट १०८.

कूस बदलताना उजवा हात धरून ओढायचं नाही, कधीच. लुळ्या हाताचा खांदा निसटतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. पाठीखाली कायम एक आडवी चादर ठेवा, खांद्यापासून मांडीपर्यंत. लांबचा गुडघा वाकवा, एक तळवा खांद्यामागे, एक नितंबामागे, आणि आपल्याकडे वळवा. पूर्ण कुशीवर नको, पाठीला उशी देऊन साधारण ३० अंश. पोटरीखाली उशी घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचेचे बेडसोअर लवकर लक्षात येत नाहीत.

रोज अंग पुसताना माकडहाड, नितंबांच्या बाजू, टाचा, कोपर बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर त्या जागेवर अजिबात भार नको. तिथे चोळायचं नाही, आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, कडेचा रक्तप्रवाह तुटतो.

एअर गादी घ्या, पण ती घेतली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. पाहुणे गादी देऊन मोकळे होतात आणि घरचे निर्धास्त होतात, हा मोठा गैरसमज. गादीत हवा पुरेशी आहे का ते असं बघा: नितंबाच्या खाली, गादी आणि कॉटच्या मधे तळहात सरकवा. वरून हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. रात्री किती अंतर चालेल ते त्वचा बघून ठरतं, ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरला विचारा.

कॅथेटरची पिशवी कंबरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन तृतीयांश भरली की रिकामी. ४ तास लघवी नाही आणि ओटीपोट टणक लागलं तर आधी नळी कुठे दुमडली का बघा, मग लगेच फोन.

भिंतीला वही बांधा: वेळ, फीड मिली, लघवी मिली, कूस डावी-उजवी-उताणी, शौच, साखर. जो करेल त्याने सही. तुम्ही रात्री ११ ला सुटून येता तेव्हा कुणाला झोपेतून उठवून विचारावं लागत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

एवढं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी विचारतो. पगार १९ हजार आहे, ईएसआय कापतात. आणि वडिलांची साखर कारखान्याची पेन्शन बँकेत येते, सही त्यांचीच लागते.

रजेचा_हिशेब

ईएसआय (कामगार विमा योजना): पगाराची मर्यादा २१ हजार, त्यामुळे तुम्ही बसता. अवलंबून असलेले आई-वडील वैद्यकीय सेवेत येतात, पण त्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत लागतं. पेन्शनचा आकडा घेऊन ईएसआयच्या ऑफिसात विचारा आणि कुटुंबाच्या नोंदीत त्यांचं नाव आहे का ते बघा. एक घोटाळा नेहमी होतो: ईएसआयचा आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतो. वडिलांसाठी घरी राहिलात तर तो नाही. तिथे कंपनीची भरपगारी रजा वापरायची, जी कामाच्या दर २० दिवसांमागे १ दिवस साठते. पगारपत्रकावर शिल्लक बघा आणि ती सलग संपवू नका. बदली बाई न आल्याचे दिवस, ट्यूब बदलण्याचे दिवस, फॉलोअपचे दिवस यांसाठी सुटी-सुटी ठेवा.

वडील ७० च्या पुढचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधारवर काढतात. ईएसआय असला तरी चालतं. ते आताच काढा, ॲडमिट करण्याच्या रात्री नव्हे. मात्र हे कार्ड भरतीच्या उपचारांसाठी आहे. डायपर, फीडची पावडर, बाईचा पगार, एअर गादी यातलं काहीही त्यात येत नाही, आणि घरी खर्च नेमका यावरच होतो.

तो खर्च काढायला पीएफ बघा. अर्धांगवायूसारख्या आजारात अवलंबून असलेल्या पालकांसाठीही ॲडव्हान्स मिळतो, फॉर्म ३१ ऑनलाइन भरतात. आधार, पॅन आणि बँक खातं यूएएनला (पीएफच्या कायम क्रमांकाला) जोडलेलं हवं. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असला की अर्ज परत येतो, ते आधी तपासा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलमध्ये तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त आलं तर पुढच्या सवलती. जुन्या कररचनेत आयकराची वजावटही असते, पण ती स्वतःवर अवलंबून असलेल्या आई-वडिलांसाठी, सासऱ्यांसाठी नाही, म्हणून वहिनींना ती घेता येणार नाही.

बँकेचं: शाखेत जाऊन लेखी सांगा की खातेदार अंथरुणावर आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा खातेदाराचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस. पैसे कोण घेऊन जाणार तेही त्याच वेळी लिहून द्यायचं असतं. हयातीचा दाखला घरीच मोबाईलवर चेहरा दाखवून होतो. कारखान्याची पेन्शन पीएफवाली असेल तर दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो, नोव्हेंबरची वाट बघायची नसते.

मुखत्यारपत्र करायचं असेल तर आता, वडिलांना समजतंय आणि मानेने संमती देता येतेय तोवर. पुढे समज गेली तर साधं मुखत्यारपत्र उपयोगाचं राहत नाही. सोबत डॉक्टरांचा 'समज शाबूत आहे' असा दाखला जोडा.

आयर्विन_४०

गावभाग आणि तळमजला वाचून थांबलो. पावसाळ्याचं आताच ठरवा.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अंथरुणावरच्या माणसासाठी हे आकडे उशिराचे आहेत. बोटीत कॅथेटर आणि राइल्स ट्यूब सांभाळून माणूस चढवणं फार अवघड, ट्यूब निघाली की फीडही गेलं. तुमच्यासाठी रेघ ३५ फुटांवर मारा. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आणि ३५ फूट, एवढं जुळलं की पाण्याची वाट न बघता हलवायचं. विश्रामबागकडे किंवा मिरजेत कुणाची खोली, कॉट दारातून आत जाते का, ते मे महिन्यातच मोजून घ्या. फाउलर कॉट (डोक्याची आणि गुडघ्याची बाजू वर-खाली होणारी) बहुतेक घरांच्या आतल्या दारात अडकते.

पिशवी भरून ठेवा: १५ दिवसांची औषधं, २ सिरिंज, लघवीची एक जादा पिशवी, ग्लुकोज, साखरेच्या पट्ट्या, प्लास्टिकमध्ये कागद. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यायचं, पण बर्फाला चिकटून नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

वीज गेली तरी एअर गादीचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतो, अगदी थोडी वीज घेतो. खाली साधी फोमची गादी ठेवा, हवा गेलीच तर थेट फळीवर पडायला नको.

कृष्णाकाठ_सांगली

पाळीचा अर्ज उद्या देतो. २ ते ६ ची बाई बघताना काय विचारू?

होमकेअर_मिरज

आधी तिला आडव्या चादरीने कूस बदलून दाखवायला सांगा, तुमच्यासमोर. 'येतं की' म्हणणाऱ्या बऱ्याच जणी हात धरून ओढतात. नंतर ट्यूबवरची रेघ दाखवा आणि विचारा, ही बाहेर दिसली तर काय करशील. 'आत ढकलीन' म्हणाली तर दुसरी बघा. तिच्या सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार ते बाई पाठवणाऱ्या ब्युरोकडून लिहून घ्या, आधारची प्रत घ्या. पहिले तीन दिवस ती एकच्या सुमारास येऊ दे, म्हणजे दीडचं फीड आणि दोनची कूस ती तुमच्या हाताखाली बघेल. आईंना फक्त वही सांभाळायला द्या. बसून करता येतं, आणि चारची कूस झाली की नाही ते त्यांच्याइतकं चोख दुसरं कुणी बघणार नाही.