मंत्रचळ आणि निर्णय: कितीही चौकशी केली तरी खात्री का होत नाही?

अनुजा:
माझ्या धाकट्या भावाला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ (नको असलेले विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार), असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी झाले. गॅसचा नॉब पुन्हापुन्हा तपासणे आमच्या सवयीचे झाले होते. पण आता साधे भाड्याचे घर ठरवणेही त्याला कित्येक महिने जमलेले नाही. रोज रात्री तो विचारतो, "ताई, हे चुकणार तर नाही ना?" मी "नाही" म्हणते, तो अर्धा तास शांत होतो आणि पुन्हा तेच विचारतो. कचेरीत लाखोंचे हिशेब बिनचूक करणाऱ्याचे असे का व्हावे?

श्रीरंग:
हिशेबाचा ताळा करता येतो, घराच्या निवडीचा येत नाही. शक्यता आधीच सांगितलेल्या फाशांच्या खेळात ओसीडीचे रुग्ण इतरांसारखेच निर्णय घेतात, पण नफातोटा खेळता खेळता ओळखावा लागतो अशा पत्त्यांच्या खेळात अडखळतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ वान डेन हाउट आणि किंट यांचा २००३ मधील प्रयोग. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकावरील गॅसची शेगडी वारंवार तपासायला लावली. त्यांची आठवण अचूकच राहिली, मात्र ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घटला. म्हणजे शंका फिटावी म्हणून केलेली तपासणीच शंकेला खतपाणी घालते. तुमच्या भावाची घराबद्दलची प्रत्येक नवी चौकशी मला याच जातीची वाटते.

वैशाली:
मी या आजारातून गेले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: तुमचे "नाही" हीसुद्धा एक तपासणीच आहे, फक्त ती तो तुमच्या तोंडून करून घेतो. माझ्या उपचारात कुलूप एकदाच लावून, मागे न वळता जिना उतरायचा आणि छातीतली धडधड ओसरेपर्यंत तशीच सोसायची, असा सराव होता. पहिले काही दिवस फार जड गेले. या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात आणि तिचा पाया मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये घातला. तो औषधे घेत असेल, तर त्यांचा गुण यायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात, तेव्हा ती मध्येच सोडू देऊ नका.

अनुजा:
मग रात्री त्याने विचारले तर मी काय म्हणू? एकदम गप्प बसणे मला क्रूरपणाचे वाटते.

वैशाली:
गप्प बसू नका आणि उत्तर देणे एकतर्फी बंदही करू नका. त्याच्यासोबत थेरपिस्टकडे जाऊन शब्द आधीच ठरवून घ्या. माझी आई म्हणायची, "तुला भीती वाटते आहे हे मला कळतंय, उत्तर देणार नाही, पण मी इथेच बसले आहे."