ज्याच्याकडे एकही फ्लॅग नाही, तो महान कसा? ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जुना वाद

यारातीर

सप्टेंबर उजाडला की मेलबर्नमध्ये ट्रॅमपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत एकच वाद चालतो: फुटीतला (ऑस्ट्रेलियन फुटबॉलला इथे फुटी म्हणतात) आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? आणि कुणीतरी एका वाक्यात चर्चा बंद पाडतो, "त्याच्याकडे फ्लॅग कुठे आहे?" फ्लॅग म्हणजे प्रीमियरशिप, ग्रँड फायनल जिंकून मिळणारं विजेतेपद. इथे राहणारे आपले मराठी लोकही आता हेच बोलू लागलेत. मला हा निकष मुळातच अन्यायाचा वाटतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लंबगोल मैदान, प्रत्येक संघाचे १८ जण मैदानात, मधल्या खांबांतून लाथेने मारलेला गोल ६ गुणांचा, बाजूच्या खांबांतून गेला तर १ गुण.

आता १९८९ची ग्रँड फायनल घ्या. हॉथॉर्न १४४, गीलाँग १३८. दोन्ही संघांचे गोल प्रत्येकी २१. गीलाँगच्या २१पैकी ९ एकट्या गॅरी ॲब्लेट सीनियरचे! हरलेल्या संघात असूनही सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल त्यालाच मिळालं. त्यानंतर १९९२, १९९४ आणि १९९५ मध्येही गीलाँग ग्रँड फायनलला पोचली आणि हरली. ॲब्लेटची झोळी रिकामीच राहिली. त्या दिवशी गीलाँगच्या एखाद्या बचावपटूने आणखी दोन गोल अडवले असते, तर ॲब्लेट अधिक चांगला खेळाडू ठरला असता का? त्याने स्वतः तर काहीच वेगळं केलं नसतं.

दुसरी जोडी टोनी लॉकेट आणि जेसन डन्स्टलची. एकाच काळातले दोन फुल-फॉरवर्ड, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ खेळणारे मुख्य आक्रमक. लॉकेटचे २८१ सामन्यांत १३६० गोल, आजही विक्रम. डन्स्टलचे २६९ सामन्यांत १२५४. हॉथॉर्नच्या डन्स्टलकडे चार फ्लॅग, लॉकेटकडे शून्य. लॉकेट सेंट किल्डाकडून पहिला सामना खेळला १९८३ मध्ये, आणि १९८३ ते १९८६ अशी सलग चार वर्षं सेंट किल्डा तक्त्यात तळाला होती. हा दोष त्या पोराचा?

तपकिरी_सोनेरी

यारातीर, तुम्ही १९८९चा सामना काढलात हे बरं झालं, कारण तोच माझा पुरावा आहे.

पहिलाच चेंडू उडाला आणि गीलाँगचा मार्क येट्स धावत येऊन हॉथॉर्नच्या डर्मट ब्रेरटनवर आदळला. ब्रेरटनच्या बरगड्या मोडल्या. तो मैदान सोडून गेला नाही, थोड्याच वेळात त्याने गोल मारला. हॉथॉर्नच्याच रॉबर्ट डिपियरडोमेनिकोचं फुप्फुस फाटलं, तेही ॲब्लेटशीच झालेल्या टकरीत, तरी तो खेळत राहिला. जॉन प्लॅटन डोक्याला मार लागून बाहेर. अशा अवस्थेत पहिल्या सत्रात घेतलेली ४० गुणांची आघाडी हॉथॉर्नच्या खेळाडूंनी शेवटपर्यंत पुरवून पुरवून वापरली आणि सहा गुणांनी जिंकले. नऊ गोल हे कर्तृत्वच, पण फाटक्या फुप्फुसाने धावणं हे कर्तृत्व नाही? त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

आणि तुमच्या बाजूने कुणी फिट्झरॉय क्लबचं नाव घेईल म्हणून आधीच सांगतो. १९३१ ते १९३६ या सहा हंगामांत लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल पाच वेळा फिट्झरॉयच्या माणसाने जिंकलं. हेडन बंटनने तीनदा, स्मॉलहॉर्नने एकदा, डिनी रायनने एकदा. त्या सगळ्या काळात फिट्झरॉय एकदाही फायनल्सला, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या निर्णायक फेऱ्यांना, पोचली नाही! १९३६ मध्ये तर रायनला मेडल मिळालं आणि संघ शेवटचा आला. जे तेज शेजारच्या सतरा जणांपर्यंत पोचत नाही, त्याला मी डोळे मिटून सर्वश्रेष्ठ म्हणणार नाही.

माझं उत्तर हॉथॉर्नचा मायकेल टक. ४२६ सामने, ११ ग्रँड फायनल्स, ७ फ्लॅग. फ्लॅगचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. ब्राउनलो एकही नाही. स्वतःच्या क्लबचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारसुद्धा एकदाही नाही. अठ्ठतिसाव्या वर्षी, कप्तान म्हणून, १९९१ची ग्रँड फायनल जिंकून तो निवृत्त झाला.

यारातीर

टकबद्दल आदर आहे. पण तो टक फिट्झरॉयमध्ये असता तर? १९६८ ते १९८६ या काळात व्हिक्टोरियाचा ग्रामीण भाग बारा क्लबांत वाटून दिला होता. ज्याच्या वाट्याला जो पट्टा, तिथली मुलं त्याची. हॉथॉर्नच्या वाट्याला मॉर्निंग्टन द्वीपकल्प आला आणि त्यांचं नशीब फळफळलं. ब्रेरटन तिथलाच, फ्रँक्स्टनचा. म्हणजे नकाशावर कुणीतरी रेघ ओढली आणि पुढची वीस वर्षं कुणाकडे किती फ्लॅग जाणार हे बरंचसं तिथेच ठरलं. त्या रेघेचं श्रेय आपण खेळाडूंच्या नावावर जमा करतोय.

तपकिरी_सोनेरी

रेघेने सगळं ठरत नाही. डन्स्टल क्वीन्सलँडहून आला, तो कुठल्याच पट्ट्यातला नव्हता. आणि ॲब्लेट? तो १९८२ मध्ये हॉथॉर्नकडेच होता. सहा सामने खेळून निघून गेला. त्याच दारातून आत येऊन जे टिकले त्यांनी फ्लॅग जिंकले.

ऑस्किकची_आई

तुम्ही दोघं गोल आणि फ्लॅग मोजताय. माझी लेक गेली काही वर्षं ऑस्किकमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या फुटीत, खेळते, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून मला जे दिसायला लागलंय ते या दोन्ही हिशोबांत नाही.

२००९ची ग्रँड फायनल, गीलाँग विरुद्ध सेंट किल्डा. चौथं सत्र, गुण बरोबरीत. मैदानाच्या मध्यावर चेंडू सुटा पडलाय, अंगावर प्रतिस्पर्धी आहेत, वाकून उचलायला वेळ नाही. गीलाँगचा मॅथ्यू स्कार्लेट, जो फुल-बॅक म्हणजे आपल्या गोलसमोरचा बचावपटू आहे, बुटाच्या टोकाने चेंडू हलकेच पुढे ढकलतो. तो नेमका गॅरी ॲब्लेट ज्युनियरच्या हातात जातो, ॲब्लेट लांब लाथ मारतो आणि शेवटी पॉल चॅपमन गोल करतो. गीलाँग १२ गुणांनी जिंकली. धावफलकावर नाव चॅपमनचं, नॉर्म स्मिथ मेडल चॅपमनला. ब्राउनलो त्याच वर्षी ॲब्लेट ज्युनियरला. आणि तो क्षण ज्याच्यामुळे घडला तो स्कार्लेट? आता मला सांगा, ती बुटाच्या टोकाची करामत वैयक्तिक प्रतिभा होती की सांघिक खेळ? माझ्या मते ती त्या अख्ख्या सामन्यातली सर्वांत प्रतिभावान गोष्ट होती, आणि ती पूर्णपणे दुसऱ्यासाठी केलेली होती.

ब्राउनलोची मतं मैदानावरचे पंच देतात, प्रत्येक सामन्यात ३-२-१. पंच चेंडूमागे धावतात, म्हणून त्यांना चेंडूभोवतीचे मिडफिल्डर दिसतात. सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणारा शेफर्ड, लाथेवर झोकून दिलेलं अंग, प्रतिस्पर्ध्याला मार्क (लाथेने आलेला चेंडू हवेतच झेलणं) घेऊ न देता मुठीने उडवलेला चेंडू या गोष्टींना इथे वन-पर्सेंटर म्हणतात. नावातच एक टक्का! बचावपटूंची अख्खी कारकीर्द त्या एका टक्क्यात जाते. माझा राग त्यावर आहे. फ्लॅग की ब्राउनलो हे भांडण मुळात पुढच्या फळीतल्यांचं आणि मिडफिल्डरांचं आहे.

दादरकर

मी फुटी फार पाहत नाही, पण वाद ओळखीचा वाटला. २०११ची वानखेडेवरची रात्र आलीच नसती तर सचिन लहान ठरला असता का? मला तरी नाही वाटत. यारातीर यांच्याशी सहमत.

तपकिरी_सोनेरी

दादरकर, क्रिकेटमध्ये फलंदाज आपल्या टोकाला एकटा असतो. इथे एकटं कुणीच नसतं. कुणीतरी चेंडू पोचवल्याशिवाय लॉकेटसुद्धा गोल मारू शकत नव्हता. त्याने १३६० मारले म्हणजे तितक्या वेळा कुणीतरी काहीतरी नीट केलं होतं.

यारातीर

मग तेच वाक्य फ्लॅगलाही लावा ना. डन्स्टलच्या चार फ्लॅगमागेही इतर सतरा जण होते.

नेथन बकलीची गोष्ट सांगतो. १९९३ मध्ये ब्रिस्बेन बेअर्सकडून एक हंगाम खेळून तो कॉलिंगवुडला आला. पुढे ब्रिस्बेनने २००१, २००२ आणि २००३ असे सलग तीन फ्लॅग जिंकले, त्यातले शेवटचे दोन बकलीच्याच कॉलिंगवुडला हरवून. २००२ मध्ये नऊ गुणांनी हरलेल्या संघातून नॉर्म स्मिथ मेडल बकलीला. २००३ मध्ये विभागून ब्राउनलो. तो निवृत्त झाला २००७ मध्ये, कॉलिंगवुड जिंकलं २०१० मध्ये. एकवीस वर्षांच्या मुलाने क्लब बदलला, एवढ्यावरून त्याची थोरवी ठरवायची?

तपकिरी_सोनेरी

नाही ठरवायची, पण आपल्याकडे फ्लॅग असायला हवा असं सगळ्यांत जास्त वाटतं ते खेळाडूंनाच. २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्ज ६२ वर्षांनी जिंकले. कप्तान बॉब मर्फी गुडघा दुखावल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीलाच बाहेर बसला होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावलं आणि स्वतःचं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. जवळपास तीनशे सामने खेळलेल्या माणसाकडे ते नाही, याची सल तिथे प्रत्येकाला होती. ती सल खोटी आहे असं तुम्ही म्हणताय का?

ऑस्किकची_आई

सल खरीच आहे. पण बेव्हरिजने ते पदक न खेळलेल्या माणसाला दिलं, कारण तो संघ घडवण्यात मर्फीचा वाटा किती होता हे त्याला माहीत होतं. अधिकृत यादीत मर्फीपुढे आजही शून्यच आहे. तपकिरी_सोनेरी, तुमच्या मोजणीत त्याला कुठे बसवणार?