जुना कीबोर्ड निकामी झाला आहे. नवा घ्यावा की आयपॅडवरच काम भागवावे?

प्रश्न : पेटीवाला (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि लग्नसराईत एका वाद्यवृंदात कीबोर्डची साथ करतो. माझ्या कीबोर्डच्या मधल्या सप्तकातील दोन पट्ट्या आता एकदा दाबल्या तरी दोनदा वाजतात. आतले रबर झिजले आहे आणि या मॉडेलचा सुटा भाग बाजारात राहिलेला नाही, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला दहाव्या पिढीचा आयपॅड घरात आहे. त्यावर गॅरेजबँड हे संगीताचे ॲप उघडून पाहिले, तेव्हा त्यातील पियानो आणि स्ट्रिंग्जचे आवाज माझ्या कीबोर्डपेक्षा सरस वाटले. मात्र काचेवर बोटे फिरवून गाण्याची साथ होईल, यावर माझा विश्वास बसत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रमात टॅबलेट वापरला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ : ऑक्टोपॅड_अक्कलकोट_रोड

आपली शंका रास्त आहे. काचेवर साथ करू नका. पट्टी दाबल्याचा अंदाज बोटाला येत नाही, त्यामुळे नजर गायकावरून काढून पडद्यावर ठेवावी लागते, आणि साथीदाराने नेमके तेच करायचे नसते. आयपॅडचा पडदा बोटाचा दाबही मोजत नाही. गॅरेजबँड आयपॅडवर २०११ मध्ये आले, तेव्हा टिचकीने संपूर्ण टॅबलेटला बसणारा सूक्ष्म हादरा मोजून जोर ओळखण्याची युक्ती त्यात होती. ती कल्पक होती, पण तबल्याच्या बायाँवर मनगट दाबून जी घिस्स निघते, ती या मार्गाने निघत नाही.

म्हणून आवाज आयपॅडचे आणि पट्ट्या खऱ्या, असा मेळ घाला. ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा साधा मिडी कीबोर्ड घ्या (मिडी म्हणजे कोणती पट्टी किती जोरात दाबली, हे एका वाद्याने दुसऱ्याला कळवण्याची पद्धत). त्यात स्वतःचे आवाज नसतात, म्हणून तो स्वस्त पडतो, आणि उद्या टॅबलेट बदलला तरी तो तसाच चालतो, कारण मिडीची पद्धत १९८३ पासून टिकून आहे. आपल्या आयपॅडला हेडफोनचे छिद्र नाही आणि यूएसबी-सीचे एकच तोंड आहे. मिडी कीबोर्ड, आवाज बाहेर नेणारा ऑडिओ इंटरफेस आणि चार्जर या तिन्ही गोष्टी त्यातूनच जोडाव्या लागतील. त्यासाठी एका तोंडाची अनेक तोंडे करणारा, स्वतंत्र वीज घेणारा हब आवश्यक आहे. साध्या हबवर इंटरफेस मध्येच बंद पडतो, हे मी भर वरातीच्या गाण्यात सोसले आहे.

दुसरा मुद्दा विलंबाचा. सेकंदाला ४४,१०० नमुने या गतीने आवाज तयार होत असताना बफर, म्हणजे एका वेळी तयार करायच्या नमुन्यांचा साठा, २५६ ठेवला, तर त्यापोटी सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा उशीर होतो. स्पीकर दोन मीटरवर असला तरी आवाज कानापर्यंत यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे हा उशीर हाताला जाणवत नाही. बफर १०२४ झाला की तोच उशीर २३ मिलिसेकंदांवर जातो आणि हात जड वाटू लागतात. ब्लूटूथ स्पीकर तर वाजवताना वापरूच नये. त्याचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांच्या पुढे असतो, आणि मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत एक अख्खी मात्राच २५० मिलिसेकंदांची असते.

आणि आपल्या सोलापूरचे ऊन. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा, असे बनवणारी कंपनीच सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. होटगी रोडवरील एका लग्नात दुपारी चार वाजता पत्र्याच्या मांडवाखाली माझ्या आयपॅडचा पडदा काळा झाला आणि त्यावर थर्मामीटरचे चित्र आले. मी तो ओल्या पंच्यात गुंडाळायला निघालो होतो, पण एका जाणत्या ध्वनिव्यवस्थापकाने थांबवले, नुसते सावलीत नेले, पाठीमागचे कव्हर काढून पंख्यासमोर धरले. दहा-बारा मिनिटांनी तो पूर्ववत झाला. तोवर माझ्या ऑक्टोपॅडवर (काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) दोन गाणी निभावली. उन्हाळी कार्यक्रमात एक हार्डवेअर वाद्य जवळ ठेवाच.

उत्तर २ : षड्ज_पंचम

मी गायन शिकवते, त्यामुळे माझा अनुभव तानपुऱ्यापुरता आहे, पण तिथे टॅबलेटने माझे काम खरोखर बदलले. पूर्वी रागिणी (इलेक्ट्रॉनिक तानपुरा) आणि तालमाला (इलेक्ट्रॉनिक तबला) अशी दोन यंत्रे पिशवीत असत. आता आयतबला प्रो या ॲपमध्ये दोन्ही एकत्र आहेत. देवळातील जुनी पेटी बहुधा प्रमाण सुरापासून थोडी सरकलेली असते. तानपुऱ्याचा षड्ज सेंटच्या (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या शंभराव्या भागाच्या) हिशेबाने हलवून मी तो पेटीला जुळवते, मग विद्यार्थ्यांच्या कानाची ओढाताण होत नाही.

पेटीवाल्यांना एक विनंती. कीबोर्ड असो वा ॲप, त्यांतील शुद्ध गंधार सर्वसाधारणपणे ४०० सेंटवर असतो, तर तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा ३८६ सेंटच्या आसपास असतो. हा १४ सेंटचा फरक भूप गाताना टोचतो. कीबोर्डवर स्वरांची बैठक बदलण्याची सोय असतेच असे नाही. काही सिंथेसायझर ॲपमध्ये मात्र प्रत्येक स्वर वेगळा लावता येतो. भजनात लांब स्वर धरताना ही सोय वापरून पाहा, गायकाला आधार वाटेल.

उत्तर ३ : पूर्वभाग_बीट्स

ज्यांच्याकडे आयपॅड नाही, त्यांच्यासाठी लिहितो. मी अँड्रॉइड टॅबलेटवर कोआला सॅम्पलर हे आवाज टिपून पडद्यावरील पॅडवर वाजवण्याचे ॲप वापरतो. काकांच्या कारखान्यात यंत्रमागाचा धोटा एका बाजूने सुटून दुसऱ्या बाजूला आदळतो तो ठोका, त्यामागची फणीची थाप आणि माग बंद करताना उतरत जाणारा पट्ट्याचा आवाज मी पॅड दाबून धरून टिपले आणि त्यावर हलगीचा ठेका बसवला. लहानपणापासून ज्या आवाजात झोपलो, तो माझ्या गाण्यात आला. कोणत्याही दुकानातील कीबोर्डमध्ये हा आवाज विकत मिळाला नसता.

उत्तर ४ : षड्ज_पंचम

एक गोष्ट राहिली. कार्यक्रमाच्या आठवड्यात आयपॅडची प्रणाली अद्ययावत करू नका. २०१७ मध्ये आयओएस ११ आले, तेव्हा जुनी ३२-बिट ॲप चालेनाशी झाली आणि पैसे देऊन घेतलेली माझी दोन ॲप त्यात गेली. त्याच्याही आधी घेतलेली माझी तालमाला अजून वाजते आहे.

पेटीवाला

सर्वांचे मनापासून आभार. एका स्नेह्यांचा ६१ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आणून बुधवारच्या भजनात वाजवला. बफर २५६ वर ठेवला होता आणि उशीर अजिबात जाणवला नाही. मृदंगवाल्यांनी तर आवाज कुठून येतो हे दोनदा वाकून पाहिले. अडचण एकच आली. चार्जर लावलेला असताना स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज सतत येत होता, तो चार्जर काढताच थांबला.

ऑक्टोपॅड_अक्कलकोट_रोड

तो अर्थिंगचा दोष आहे, आयपॅडचा नाही. इंटरफेस आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन्हींमधला थेट विद्युत संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेणारी पेटी) लावा. तोपर्यंत आयपॅड पूर्ण चार्ज करून, विमान मोडवर टाकून बॅटरीवरच वाजवा; दोन तासांचे भजन सहज निघेल.