‘वयाचं आहे’ म्हणून सोडून दिलेल्या तक्रारी आणि हृदय: तुमचे अनुभव लिहा

साठी ओलांडली की दम लागणं, चक्कर येणं, पाय सुजणं या सगळ्याला एकच उत्तर मिळतं: वयाचं आहे. त्यातल्या काही तक्रारी हृदयाच्या निघतात, काही तर चालू औषधांच्याच. तुमच्या घरी काय निघालं ते सविस्तर लिहा. कोणती तपासणी झाली, औषध काय बदललं, हे जरूर लिहा.

सुरुवात मी करते. बाबांचा पहाटे उठताना तोल जायचा. दवाखान्यात खुर्चीत बसवून मोजलेलं बीपी कायम छान. नव्या डॉक्टरांनी त्यांना आधी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा १४२ वरून थेट ११४! उभं राहिल्यावर वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर लक्ष द्यावंच लागतं. बीपीची गोळी एका डॉक्टरांची, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन दुसऱ्यांची, आणि दोन्ही बीपी उतरवणाऱ्या. डोस कमी झाला. आता बाबा पलंगाच्या कडेला जरा बसून, पावलं हलवून मगच उठतात. सगळ्या गोळ्यांची एकच यादी खिशात असते.

---

माझं थोडक्यात. रात्रभर कोरडी ढास लागायची, एक्स-रे स्वच्छ. कारण निघालं बीपीसाठीची रामिप्रिल. डॉक्टरांनी बदलून टेल्मिसार्टन दिली, काही आठवड्यांत ढास गेली.

---

आई सत्तरीची, जुना मधुमेह. छातीत अजिबात दुखलं नाही. जबडा जड वाटत होता, मळमळ होती आणि घामाने ब्लाउज ओलाचिंब. घरात सगळे ॲसिडिटी म्हणत होते. वहिनीने मात्र हट्टाने हॉस्पिटलात नेलं. पहिल्या ईसीजीत फारसं काही दिसलं नाही, काही तासांनी पुन्हा केलेल्या ट्रोपोनिनच्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) रक्ततपासणीत अटॅक कळला. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये असं होतं, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आईला स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसवला. त्यानंतर काही महिन्यांतच दात काढायची वेळ आली आणि गुठळी होऊ नये म्हणून चालू असलेली क्लोपिडोग्रेल बंद करा असं सांगण्यात आलं. आम्ही आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले, “मुळीच थांबवू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.” गोळी चालू ठेवूनच दात काढला. जखमेवर बोळा जास्त वेळ दाबून धरावा लागला, इतकंच.

---

यजमानांचं हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू शकत नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करतो आणि वहीत लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना कळवायचं, कारण ते अंगात साठलेलं पाणी असतं. मागे असंच वाढलं तेव्हा वहीवरून लक्षात आलं की गुडघ्यासाठी आयब्युप्रोफेन सुरू झाली होती. त्या जातीच्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, किडनीवरही ताण आणतात. ती बंद झाली, घोट्यांची सूज उतरली.

---

माझ्या बीपी मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार यायची. होल्टर (दिवसभर ठोके नोंदवणारं अंगावरचं छोटं यंत्र) लावल्यावर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, निघालं. यात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी ॲपिक्साबॅन सुरू आहे. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय. ही गोळी चालू असताना कुणाचं झालंय का? डोळ्यांच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते कृपया लिहा.