मदत हवी आहे: फुकटच्या वायफायवर क्रिप्टो वॉलेट उघडलं, आता काय करू?

मंडळी, मी फैजपूरचा. काल भुसावळला गाडीला चार तास होते, म्हणून एका हॉटेलात शेवभाजी खात बसलो. भिंतीवर वायफायचा पासवर्ड खडूने लिहिलेला, जोडला फोन. वॉलेटमधली बिटकॉइनची शिल्लक बघत होतो, तेवढ्यात ब्राउझरमध्ये पान उघडलं: 'वॉलेट पुन्हा जोडा, १२ शब्द टाका.' (म्हणजे वॉलेट काढताना मिळालेले गुप्त शब्द, ज्यांनी ते कुठूनही उघडता येतं.) ४ शब्द टाइप केले आणि हात थबकला. सबमिट न करता पान बंद केलं.

प्रायव्हेट की (बिटकॉइन खर्च करायची गुप्त किल्ली) फोनमध्येच राहते, वायफायवरून जात नाही, एवढं मला कळतं. पण बटण न दाबताही ते पान टाइप केलेलं अक्षर न अक्षर पाठवू शकतं ना? मग चारच शब्द गेले असले तरी नवीन वॉलेट काढून सगळं तिकडे हलवू का? एकदा गेलेलं बिटकॉइन परत फिरत नाही, म्हणून झोप उडालीय. (घरी सांगायची सोय नाही, आधीच 'त्यापेक्षा केळी लाव' ऐकतोय.)

व्हीपीएन (इंटरनेटवरची ये-जा गुप्त ठेवणारी सेवा) अशा बनावट पानापासून वाचवतो का? हार्डवेअर वॉलेट (की फोनऐवजी वेगळ्या छोट्या उपकरणात ठेवणारं) वापरणारं जळगाव-धुळ्याकडचं कोणी असेल तर इथेच सांगा. इनबॉक्समध्ये 'मदत' करणाऱ्यांनी कृपया येऊ नये.